दोन फुटांच्या वाटेने श्योपूरला

ग्वाल्हेरहून श्योपूर कलाँला जाणारी छोटी गाडी मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुटली नाही. तोवर तिने शंभरावर वर्षे काढली होती. अंतर 199 किलोमीटर, वाटेत पंचवीसच्या वर स्थानके आणि प्रवासाला दहा-अकरा तास. म्हणजे सरासरी ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर. हा आकडा सांगितला की लोक हसतात. डब्यात जागा नाही म्हणून टपावर ओळीने बसलेल्या प्रवाशांची छायाचित्रे बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात, आणि तेवढ्यावर या गाडीचा निकाल लावला जातो. पण सायकलवरून लांबच्या पल्ल्याला निघणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. मागच्या कॅरिअरवर दोन थैल्या लादलेली सायकल सपाट रस्त्यावर साधारण याच वेगाने चालते. या मार्गावर दर सात-आठ किलोमीटरला येणारे स्थानक, नदीच्या कलाकलाने वळणारी वाट, गावाच्या बाहेरून न जाता गावाला खेटून जाणे, हे सगळे त्या वेगाच्या हिशेबाने आखलेले होते. ब्रॉडगेज त्या गाडीची जागा घेईल आणि घ्यावीच, पण तिचा वारसा सायकलकडे जातो, असे माझे म्हणणे आहे. चार-पाच दिवसांच्या सायकलप्रवासासाठी मराठी माणसाने कोकण आणि लडाख या दोन टोकांपलीकडे पाहायचे ठरवले, तर ही वाट पहिल्या पाचांत यावी.

हे म्हणणे पटायला आधी ही लाइन काय होती ते नीट पाहावे लागते. ग्वाल्हेर संस्थानचे महाराज माधवराव शिंदे यांना आगगाडीचे वेड होते. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी, पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार नेऊन थांबणारी चांदीची गाडी आजही पर्यटकांना दाखवतात. त्यामुळे ग्वाल्हेर लाइट रेल्वे म्हणजे त्याच खेळण्याची मोठी आवृत्ती, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. ग्वाल्हेरहून भिंड, शिवपुरी आणि श्योपूर अशा तीन दिशांना संस्थानाने स्वतःच्या खर्चाने रूळ टाकले, आणि 1909 मध्ये गाडी श्योपूरला पोचली. रुंदी निवडली दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर, माथेरानच्या गाडीइतकीच. साध्या सायकलच्या हँडलची रुंदी जवळपास तेवढीच भरते. अरुंद रूळ म्हणजे हलके रूळ, छोटा भराव, आखूड मोऱ्या, तीव्र वळणाचीही मुभा आणि खर्चात मोठी बचत. डोंगर फोडायचा नाही, जमिनीच्या कलाने जायचे, ही त्यामागची व्यवहारी दृष्टी होती. पैसा बेताचा आणि मुलूख मोठा असलेल्या संस्थानाने घेतलेला तो शहाणा निर्णय होता. 1951 मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. भिंडची शाखा पुढे ब्रॉडगेज झाली, शिवपुरीची छोटी गाडी इतिहासजमा झाली आणि श्योपूरची तेवढी शेवटपर्यंत टिकली. या रुंदीच्या रुळांवर धावणारा जगातला सर्वांत लांब मार्ग म्हणून तिचे नाव घेतले जाई.

आता पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप. बंद पडलेल्या रेल्वेच्या भरावावरून सायकल चालवायची, तर तो भराव मोकळा हवा. इथे तो मोकळा कुठे आहे? न्यूझीलंडमध्ये ओटॅगो सेंट्रल ही लाइन 1990 मध्ये बंद झाली, रूळ उखडले, सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याने जमीन ताब्यात घेतली आणि 2000 मध्ये 152 किलोमीटरची सायकलवाट पूर्ण खुली झाली. वाटेतली ओस पडू लागलेली खेडी मुक्कामाच्या खोल्या, खाणावळी आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानांवर पुन्हा उभी राहिली. स्पेनने 1993 पासून जुन्या रेल्वेमार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ केल्या, त्यांची लांबी आज तीन हजार किलोमीटरांच्या पुढे आहे. आपल्याकडे असे काही घडत नाही, कारण आपल्याकडे रेल्वे ‘बंद’ होत नाही, ती एक तर रुंद होते किंवा नुसती पडून राहते. बार्शी लाइट रेल्वे रुंद झाली. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला पडून राहिली. श्योपूरची लाइन रुंद होते आहे, आणि पुढे कोट्यापर्यंत तिचा विस्तार करण्याची योजना आहे. 2023 मध्ये ग्वाल्हेरकडून सुमावलीपर्यंत मोठी गाडी धावू लागली आणि त्यापुढचे काम टप्प्याटप्प्याने सरकते आहे. अशा ठिकाणी भरावावर सायकल घालणे मूर्खपणाचे तर आहेच, शिवाय रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हाही आहे. तेव्हा हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. ओटॅगोच्या अर्थाने ‘रेल्वेवाट’ इथे नाही. मात्र त्यावरून प्रवासच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. जुनी गाडी ज्या गावांना जोडत होती, त्यांना जोडणारे रस्ते आहेत, आणि पुष्कळ अंतर ते रुळांच्या सोबतीने जातात. स्थानकांची यादी हीच नकाशा म्हणून वापरायची आणि रस्त्याने जायचे. घोसीपुरा, मोतीझील, मिलावली, बामोर गाँव, अंबिकेश्वर, सुमावली, थरा, जौरा अलापूर, सिकरौदा, भटपुरा, कैलारस, सेमई, पीपलवाली चौकी, सबलगढ, रामपहाडी, विजयपूर रोड, वीरपूर, सिलीपूर, इकडोरी, खोजीपुरा, दुर्गापुरी, गिरधरपूर, दांतरदा आणि शेवटी श्योपूर. काही नावे गाळली आहेत. नुसती वाचत गेले तरी इथल्या माणसांनी ही गाडी कशाकशासाठी वापरली असेल याचा अंदाज येतो.

पहिला दिवस ग्वाल्हेर ते जौरा, रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर. निघण्यापूर्वी शहरातच थोडे थांबावे, कारण रेल्वेवाटेची खरी चर्चा जिथे होऊ शकते तो तुकडा शहरात आहे. मोठी गाडी बिर्लानगर–रायरूच्या बाजूने वळवल्यामुळे स्टेशनपासून घोसीपुरा, मोतीझीलकडे जाणारा जुना अरुंद पट्टा रेल्वेच्या कामाचा उरलेला नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि तिचेच पुढे ‘लश्कर’ हे शहर झाले. सरदारांचे वाडे, राजकवी भा. रा. तांबे यांचे वास्तव्य, पंडितांच्या घराण्यातले गाणे, हा आपल्या ओळखीचा ग्वाल्हेर याच भागातला. इथल्या जुन्या मराठी घरांत अजून कानावर पडणारी मराठी ऐकताना पुण्याच्या माणसाला आपलीच भाषा जरा जुन्या नाण्यांत मोजून मिळाल्यासारखी वाटते. अशा दाट वस्तीतून एक सलग, सपाट, वाहनांनी न गिळलेला पट्टा जातो, ही कोणत्याही भारतीय शहरासाठी चैनीची गोष्ट आहे. अशा जागेवर उन्नत रस्ता बांधण्याची हौस आपल्या नगररचनेला चटकन येते. अमेरिकेने 1983 मध्ये कायद्यात बदल करून यावर एक मधला उपाय काढला. वापरात नसलेल्या रेल्वेमार्गाची जमीन विकायची नाही, तुकडे पाडायचे नाहीत, ती पायवाट किंवा सायकलवाट म्हणून वापरात ठेवायची आणि उद्या गाडीची गरज पडली तर परत रेल्वेला द्यायची. जमीन जणू बँकेत ठेव म्हणून ठेवायची. ग्वाल्हेरच्या पट्ट्याला ही तरतूद अगदी मापात बसते. रेल्वेचा हक्क शाबूत राहतो, अतिक्रमण होत नाही आणि शाळेत जाणाऱ्या पोरांना ट्रकांपासून वेगळी वाट मिळते. शकुंतलेबाबतही हेच म्हणता येईल, पण विदर्भातल्या लोकांना ती गाडीच हवी आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. वाट म्हणून राखलेली जमीन त्यांच्या मागणीच्या आड येत नाही, एवढेच इथे सांगायचे आहे.

शहर सोडल्यावर बामोरपर्यंत आग्र्याचा महामार्ग सोसावा लागतो. त्यात गोडी काही नाही. पुढे आतल्या रस्त्यांनी सुमावलीमार्गे जौऱ्याकडे वळले की दोन्ही बाजूंना मोहरी सुरू होते. मुरैना हा मोहरीचा जिल्हा. डिसेंबरअखेर ती फुलते आणि पुढे महिनाभर नजर जाईल तिथवर पिवळे दिसते. याच दिवसांत दुकानादुकानांत गजक लागते. मुरैनाच्या गजकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती करताना पाहण्यासारखी असते. गुळाचा किंवा साखरेचा घट्ट पाक भिंतीतल्या खुंटीला अडकवून दोन्ही हातांनी ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात. हवा शिरत गेली की तपकिरी पाक हळूहळू फिकट होतो. मग त्यात भाजलेले तीळ मिसळून गरम असतानाच दोघे-तिघे समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी कुटतात. कुटून कुटून थरावर थर बसतात, म्हणून ती आपल्या तिळाच्या वडीसारखी दाताला चिकटत नाही, तोंडात चुरा होतो. सायकलवाल्यासाठी हे उत्तम खाणे आहे. खिशात मावते, थंडीत वितळत नाही आणि साखर आणि तेल दोन्ही पुरवते. परदेशी वेष्टनातल्या ‘एनर्जी बार’साठी दीडशे रुपये मोजणाऱ्यांनी एकदा हिशेब करून पाहावा.

जौऱ्याचे नाव काढले की दुसरा आक्षेप येतोच. चंबळ म्हणजे डाकू, तिथे सायकलवर एकट्यादुकट्याने जायचे? या प्रश्नाचे उत्तर जौऱ्यातच मिळते. 1960 च्या मे महिन्यात विनोबा भावे पदयात्रा करत या खोऱ्यात आले आणि वीसेक बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. गागोद्याच्या या माणसाने चंबळेत जे बी टाकले ते बारा वर्षांनी उगवले. 14 एप्रिल 1972 रोजी जौऱ्याजवळ पगारा येथे जयप्रकाश नारायण आणि प्रभावतीदेवी यांच्यासमोर मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्या नामचीन टोळीप्रमुखांनी आपल्या माणसांसह आत्मसमर्पण केले. गांधीवादी कार्यकर्ते सुब्बाराव यांनी उभा केलेला महात्मा गांधी सेवा आश्रम जौऱ्यात अजून आहे. त्यानंतरही टोळ्या होत्या, फूलनदेवीचा काळ तर पुढचाच, पण ज्या चंबळेची भीती घातली जाते ती आता मुख्यतः पडद्यावर उरली आहे. खरी भीती वेगळी आहे आणि ती सांगितली पाहिजे. चंबळच्या अभयारण्यातून चोरून उपसलेली वाळू आणि बेकायदा खाणींतला दगड वाहणारे ट्रॅक्टर या रस्त्यांवरून बेफाम धावतात. 2012 मध्ये याच बामोरजवळ अशी ट्रॉली अडवणाऱ्या एका तरुण पोलीस अधिकाऱ्याचा ट्रॅक्टरखाली जीव गेला. म्हणून इथे पाळायचा नियम एकच आहे, अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही. थंडीत दाट धुक्यामुळे सकाळीही नऊपर्यंत निघता येत नाही, म्हणजे दिवसाला सात-आठ तासच हाती राहतात. पन्नास किलोमीटरचा टप्पा ठेवायचा तो त्यासाठी, पायांत बळ कमी असते म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी जौऱ्याहून कैलारसमार्गे सबलगढ. हा भाग राष्ट्रीय महामार्ग 552 वरून होतो. रस्ता चांगला, चढ नावापुरता. दोन्ही टोकांच्या उंचीत फारसा फरक नाही आणि मधली जमीन रेल्वेने आपल्यासाठी आधीच चाचपून ठेवलेली आहे. कैलारसला महाराष्ट्रातल्या वाचकाला घरचे दुःख भेटेल. इथे बंद पडलेला सहकारी साखर कारखाना आहे. छोट्या गाडीच्या मार्गालगत ऊस, त्यालगत कारखाना आणि दोन्ही एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत थंड झालेले. क्वारी नदीच्या आसपास रस्त्यावरून बीहड दिसू लागतात. पाण्याने कापून काढलेल्या, दोन पुरुष खोल घळींचे जाळे आणि त्यांत विलायती बाभूळ. जमिनीची धूप थांबावी म्हणून या घळींत सरकारने विमानातून हिचे बी पेरले होते. धूप कितपत थांबली हा वादाचा विषय, पण तिचा काटा सायकलच्या टायरमधून आरपार जातो, याबद्दल दुमत नाही. तो तुटून आतच राहतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढला नाही, तर शंभर पावलांत दुसरे पंक्चर. दोन जादा ट्यूब आणि एक चिमटा बरोबर असू द्यावा. सबलगढचा किल्ला करौलीच्या राजांनी बांधलेला, पुढे शिंद्यांकडे आलेला. नावाचे श्रेय लोक सबला नावाच्या गुजराला देतात. किल्ल्याची डागडुजी बेताची आहे, पण संध्याकाळी तटावरून दिसणारा मुलूख पाहायला तासभर द्यावा. मार्गाचे निम्मे अंतर इथे साधारण संपते.

सबलगढच्या पुढे वस्ती विरळ होत जाते आणि तिसरा आक्षेप मनात उभा राहतो. तो मला सर्वांत जास्त छळतो. ज्या भागातल्या लोकांना इस्पितळात जायला, बाजारहाट करायला गाडी नाही, त्यांच्या बंद पडलेल्या गाडीच्या आठवणीत शहरी माणसांनी सायकली फिरवणे, ही चैन नाही का? स्वस्त तिकिटात श्योपूरहून ग्वाल्हेर गाठून देणारी छोटी गाडी गेली आणि लोक खच्चून भरलेल्या बसमध्ये किंवा जीपच्या मागे लोंबकळू लागले. त्यांना ‘वारसा’ हा शब्द ऐकवणे क्रूर आहे. म्हणूनच छोटी गाडी पुन्हा चालवा, असे मी म्हणत नाही. मोठी गाडी यावी, लवकर यावी. पण मोठी गाडी गावागावाला खेटून जात नाही, ती सगळ्या स्थानकांवर थांबणारही नाही. जुने स्थानक, सांधेवाल्याची खोली, दगडी मोरी यांचे काय करायचे हा प्रश्न नवा मार्ग जिथे बाजूने जातो तिथे उरतोच, आणि काही न करणे हेही त्याचे एक उत्तर असते. ते उत्तर म्हणजे छपराची कौले एकेक करून गायब होणे. त्याऐवजी अशी एखादी खोली गावातल्या बचत गटाकडे मुक्कामासाठी दिली, तर गावाला चार पैसे मिळतील. सायकलवाला तासाला पंधरा किलोमीटर जातो, त्याला दर दोन तासांनी चहा लागतो आणि रात्री गावातच झोपावे लागते. मोटारीतला पर्यटक ग्वाल्हेरला जेवतो आणि पुढे कुनोच्या जंगलापाशी झोपतो, मधल्या गावांच्या हाती त्याची फक्त धूळ लागते.

तिसरा दिवस सबलगढ ते वीरपूर आणि पुढे कुनो नदी. उजव्या हाताला काही अंतरावर चंबळ, डाव्या हाताला कुनोचे रान. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते या रानात सोडले गेले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. ते अधूनमधून हद्द ओलांडून शेतांत येतात. चित्ता माणसाला टाळतो, त्यामुळे सायकलवाल्याने घाबरायचे ते गावकुत्र्यांना. कुनोची बातमी चित्त्यांनी व्यापली, पण चित्ते येण्याच्या कितीतरी आधी, गीरच्या सिंहांसाठी जागा करायची म्हणून, या रानातली चोवीस गावे उठवून बाहेर वसवली होती. त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी. सिंह आजतागायत आलेले नाहीत. रस्त्याकडेच्या सहरिया वस्त्यांतून जाताना हा हिशेब मनात असला, तर फोटो काढायला उचललेला मोबाइल बहुधा खाली येतो. या टप्प्यात खाण्याचे आणि मुक्कामाचे हाल आहेत. पाणी भरून घ्यावे, सुका खाऊ जवळ ठेवावा आणि वीरपूरला मुक्कामाची सोय आधी फोनवरून पक्की करूनच सबलगढ सोडावे.

चौथ्या दिवशी श्योपूर. सीप नदीकाठचा किल्ला, लाखकाम केलेली लाकडी खेळणी, 1998 मध्ये मुरैनातून वेगळा झालेला जिल्हा आणि ऑगस्ट 2021 च्या पुराच्या खुणा. मराठी वाचकासाठी श्योपूरला आणखी एक अर्थ आहे. ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात नोकरीला असलेल्या एका मराठी गृहस्थाच्या घरी 13 नोव्हेंबर 1917 रोजी इथे गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घरात मराठी बोलणारा हा मुलगा हिंदीचा मोठा कवी झाला, आणि त्याचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. तांब्यांच्या ग्वाल्हेरहून निघून मुक्तिबोधांच्या श्योपूरला पोचणे, हा एवढा एकच धागा धरूनही ही सायकलयात्रा करता येईल. मुक्तिबोध जन्मले, तेव्हा गाडी श्योपूरला येऊन आठच वर्षे झाली होती.

आल्या वाटेने परतायची गरज नाही. श्योपूरहून पालीच्या पुलावर चंबळ ओलांडून पाचव्या दिवशी सवाई माधोपूर गाठता येते, साधारण साठ किलोमीटर. तिथून दिल्ली–मुंबई मुख्य मार्गावरच्या गाड्या मिळतात. जाताना मुंबईहून पंजाब मेल किंवा पुण्याहून झेलम ग्वाल्हेरला सोडते. सायकल लगेज म्हणून बुक करायची असते. पार्सल ऑफिसात गाडीच्या वेळेआधी दोन तास पोचावे, पुढचे चाक आणि पॅडल काढून सायकल गोणपाटात बांधावी आणि पावती उतरेपर्यंत जपून ठेवावी. निघायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर या भागात ऊन चढू लागते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो.